घरचें काडतूस आणि कारखान्याचें काडतूस

हिंगोली गांवांत पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा आणि सदर बाजार हीं नांवें आजहि लोकांच्या तोंडीं आहेत. पलटणींत आतां पलटण नाहीं, रिसाल्यांत घोडा नाहीं आणि तोफखान्यांत तोफ नाहीं. नांवें मात्र जागचीं हललीं नाहींत. १ मे १९९९ रोजीं हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वीं हा सारा मुलूख परभणी जिल्ह्यांत मोडत असे, आणि त्याहि पूर्वीं, निजामाच्या अमदानींत, हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेची एक छावणी होती. पैसा निजामाचा, अधिकारी इंग्रज आणि शिपाई हिंदी, असा त्या फौजेचा तिहेरी कारभार होता. १९०३ सालीं ती इंग्रजांच्या हिंदी सैन्यांत विलीन झाली. तिच्या पायदळाची परंपरा पुढें १९ व्या हैदराबाद रेजिमेंटकडे आली, आणि १९४५ सालीं त्याच रेजिमेंटचें नांव बदलून कुमाऊं असें झालें. हिमालयाच्या पायथ्याचें नांव मिरविणाऱ्या या रेजिमेंटचें एक मूळ मराठवाड्याच्या मातींत आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

छावणी म्हटली कीं चांदमारी आलीच. गांवाबाहेर मातीचा उंच बांध, त्याच्यापुढें निशाण, आणि ठरलेल्या अंतरावर कमरेला तोसदान बांधून उभा असलेला शिपाई, हें चित्र हिंदुस्थानांतील लहानमोठ्या सर्व छावण्यांतून सारखेंच असे. त्या तोसदानांत काडतुसें असत. तीं कोणीं तयार केलेलीं असत? ज्याच्या हातांत बंदूक आहे त्यानें, कीं शेंकडों कोसांवरच्या कारखान्यांतील अनोळखी हातांनीं? आज पिस्तुलानें निशाण मारणाऱ्या खेळाडूला हाच प्रश्न निराळ्या वेषांत भेटतो. कारखान्यांतून आलेलें नवें काडतूस घ्यावें, कीं एकदां उडवलेल्या रिकाम्या पुंगळींत नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून तीच पुन्हां वापरावी? वरवर पाहतां हा काटकसरीचा प्रश्न दिसतो. परंतु याची हकीकत मुळापासून पाहिली तर काटकसर तींत दुय्यम ठरते. आपल्याला डोळ्यांनीं न दिसणारी जी वस्तु त्या पुंगळीच्या पोटांत आहे, तिच्याबद्दल शब्द कोणाचा मानावयाचा, हा खरा वाद आहे.

आधीं शब्दांकडे पाहिलें पाहिजे. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे दोन्ही शब्द मराठींत पोर्तुगिजांकडून आले. एक 'कार्तुशु'पासून आणि दुसरा 'पिस्तोला'पासून. कोंकणच्या किनाऱ्यावर उतरलेला माल आपलें नांव बरोबर घेऊनच घाट चढला. 'तोसदान' हा शब्द फारसीच्या वाटेनें आला. फारसींत 'तोशा' म्हणजे प्रवासाची शिदोरी. तोशदान म्हणजे ती ठेवण्याची पिशवी. भाकरीच्या पिशवीचें नांव काडतुसांच्या पिशवीला मिळावें, यांत शिपाईगिरीच्या धंद्याचें मर्म आलें आहे. शिदोरी घरून न्यावयाची असते, आणि आरंभीं काडतुसाचा माल हा देखील शिपायानें घरूनच न्यावयाचा असे.

तोड्याच्या बंदुकीच्या काळांत प्रत्येक बंदूकवाला हाच आपला कारखानदार होता. बाजारांतून शिसें आणावें, तें वितळवून सांच्यांत ओतावें, गोळ्या थंड झाल्यावर त्यांचे कांठ घासावे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू शिंगांत भरून घ्यावी. आणि प्रत्यक्ष लढाईंत शिंगांतली दारू नळींत ओतून, गोळी टाकून, गजानें ठोकून बसवावी. दारूचें माप अंदाजाचें. एक बार जास्त भरला गेला कीं खांद्याला हिसका बसे आणि गोळी डोक्यावरून जाई. दुसरा कमी भरला गेला कीं ती शत्रूच्या पुढ्यांत मातींत शिरे. पावसाळ्यांत दारू सर्द होई ती निराळीच. राज्यकर्त्यांनीं कारखाने काढले नाहींत असें मात्र नाहीं. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत आंबेगव्हाण येथें तोफेचे गोळे तयार करण्याचा कारखाना होता. महादजी शिंद्यांच्या पदरीं असलेल्या द बॉयनेनें आग्रा येथें सँगस्टर नांवाच्या स्कॉच गृहस्थाच्या देखरेखीखालीं तोफा आणि बंदुका तयार करविल्या. द बॉयनेच्या कंपूंचा जो दरारा उत्तर हिंदुस्थानांत बसला, त्याचें बरेंचसें श्रेय कवाइतीला दिलें जातें. तें योग्यच आहे. पण कवाईत म्हणजे शेंकडों बंदुका एकाच वेळीं सुटणें, आणि त्या एकाच वेळीं सुटावयाच्या तर प्रत्येकींत सारखा बार भरलेला असला पाहिजे.

ही सारखेपणाची गरज कागदी काडतुसानें भागविली. मोजलेली दारू आणि गोळी कागदाच्या एका नळींत गुंडाळलेली. शिपायानें तिचें टोंक दांतांनीं फाडावें, दारू नळींत ओतावी आणि कागदासकट गोळी खालीं ठोकावी, असा प्रघात पडला. मापण्याचें काम रणांगणांतून उठून आगाऊ तयारीकडे गेलें. कागदी काडतूस हातानेंच वळलें जाई, आणि तें वळण्यास फारशीं आउतेंहि लागत नसत. तरीहि एक मोठी गोष्ट घडून गेली होती. काडतूस वळणारा हात आणि तें फोडणारा हात हे निरनिराळे झाले.

याचा परिणाम काय होऊं शकतो हें १८५७ सालीं सगळ्या जगानें पाहिलें. एन्फील्डच्या नव्या बंदुकीच्या नळीला आंतून पीळ होते, आणि गोळी त्यांतून सुलभ उतरावी म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावावें लागे. तें वंगण गाईच्या आणि डुकराच्या चरबीचें आहे, अशी वार्ता जानेवारी महिन्यांत कलकत्त्याजवळच्या डमडम येथून फुटली. तेथें काडतुसें तयार होत आणि नव्या बंदुकीचें शिक्षणहि तेथेंच दिलें जाई. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्यांतला एक लहानसा प्रसंग बहुधा वगळला जातो, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. बराकपूरचे जनरल हिअरसे यांनीं वरिष्ठांना सुचविलें कीं, वंगण शिपायांनाच बाजारांतून आणूं द्यावें. सरकारनें तें मानलें. २७ जानेवारी १८५७ रोजीं हुकूम निघाला कीं, कोठारांतून काडतुसें बिनवंगणाचीं द्यावीं आणि शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण स्वतः लावून घ्यावें. पुढें कवाइतींतहि बदल करून, काडतूस दांतांनीं न फाडतां बोटांनीं फाडण्याची मुभा देण्यांत आली. बलाढ्य सरकारच्या कारखान्यानें शिपायाच्या घरच्या हातापुढें अशी माघार घेतल्याचें दुसरें उदाहरण शोधून काढावें लागेल.

आणि तरीहि उपयोग झाला नाहीं. वंगण आपल्या हातीं आलें तेव्हां संशय कागदावर गेला. कागदाला जी चकाकी आहे ती चरबीची आहे, असें बराकपूरचे शिपाई ६ फेब्रुवारीच्या चौकशींत सांगूं लागले. मीरत येथें २४ एप्रिल रोजीं घोडदळाच्या ज्या ८५ स्वारांनीं काडतुसें घेण्याचें नाकारलें, त्यांच्यापुढें ठेवलेलीं काडतुसें जुन्याच पद्धतीचीं होतीं. तीं त्यांनीं पूर्वीं वापरलीं होतीं. वस्तु तीच होती. देणाऱ्यावरचा भरंवसा उडाला होता, आणि तो उडाल्यावर वस्तूची परीक्षा कोणी करीत बसत नाहीं. १० मे रोजीं मीरतला जें झालें तें केवळ काडतुसामुळें झालें असें म्हणणें बालिशपणाचें आहे. पण भडक्याला ठिणगी काडतुसाचीच मिळाली.

कंटिंजंटच्या फौजेंतहि जून महिन्यांत औरंगाबादेस पहिल्या रिसाल्यानें बंडाचा पवित्रा घेतला. तेथें काडतुसांपेक्षां दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढावयास नेतील कीं काय, ही धास्ती मोठी होती. पुण्याहून जनरल वुडबर्न फौज घेऊन आला आणि तो उठाव निष्ठुरपणें मोडण्यांत आला. कंटिंजंटचा बाकीचा भाग सर ह्यू रोज याच्या हाताखालीं मध्य हिंदुस्थानांत इंग्रजांच्या बाजूनें लढला. या सेवेचें फळ म्हणून कीं काय, बंडानंतर हिंदी लोकांच्या हातून जवळजवळ सर्व तोफा काढून घेतल्या असतांहि कंटिंजंटच्या तोफा तिच्याकडेच राहिल्या. हिंगोलीच्या तोफखान्याचें नांव लोकांच्या ओठांवर टिकलें यांत नवल नाहीं.

विश्वास उडाला तो एकाच बाजूचा उडाला नाहीं. बंडानंतर हिंदी शिपायांना मुद्दाम पीळ नसलेल्या नळीच्या बंदुका देण्यांत आल्या, आणि पुढेंहि वर्षानुवर्षें गोऱ्या शिपायाच्या हातांतील बंदुकीपेक्षां हिंदी शिपायाची बंदूक एक पिढी मागें ठेवली गेली. नेम चांगला साधणाऱ्या शिपायाचें सरकारला भय वाटावें, अशी ती स्थिति होती.

अशा काळांत धातूचें काडतूस अवतरलें. वुलविचच्या सरकारी प्रयोगशाळेचा अधीक्षक एडवर्ड बॉक्सर यानें १८६६ च्या सुमारास पितळी पत्र्याची नळी, बुडाच्या मध्यावर स्फोटक टोपी आणि तोंडाशीं गोळी असें स्वयंपूर्ण काडतूस सिद्ध केलें. आरंभींचीं काडतुसें पातळ पत्रा गुंडाळून केलेलीं असत. नळी तापली कीं तीं फुगून अडकून बसत, आणि १८८५ च्या सुदानच्या मोहिमेंत याचा कडू अनुभव इंग्रज फौजेला आला. त्यानंतर पितळेच्या अखंड तुकड्याला दाबून, ओढून एकसंध पुंगळी काढण्याची रीति सार्वत्रिक झाली. कागदी काडतूस माजघरांत बसून वळतां येत होतें. पितळेची अखंड पुंगळी घरीं होणें शक्य नव्हतें. तिला अवजड यंत्रेंच पाहिजेत.

हीं यंत्रें महाराष्ट्रांत आलीं तीं खडकीस. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं ज्या परिसरांत बाजीरावाची फौज आणि इंग्रज यांची गांठ पडली, त्याच खडकीस ५२ वर्षांनीं, १८६९ सालीं, दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. पुढें दोन्ही महायुद्धांत हिंदी शिपायानें जी .३०३ ची बंदूक वापरली, तिचीं काडतुसें येथें तयार होत. पुंगळीच्या बुडाकडे पाहिलें असतां 'के. एफ.' हीं दोन अक्षरें उठविलेलीं दिसतात. तीं 'कर्की फॅक्टरी'चीं. १८५७ च्या काडतुसावर करणाऱ्याचें नांव नव्हतें. या पुंगळीवर तें पितळेंत ठोकलेलें आहे, आणि त्याच्याशेजारीं बहुधा सालहि असतें. काडतूस फुसकें निघालें तर कोणाला जाब विचारावयाचा हें आतां स्पष्ट झालें. एका लॉटमधलीं, म्हणजे एकाच दारूनें एकाच सुमारास भरलेलीं काडतुसें एकत्र ठेवावयाचीं, त्यांतलीं कांहीं नमुन्यादाखल उडवून वेग आणि दाब मोजावयाचा, आणि उतरतीं निघाल्यास सबंध लॉट बाद करावयाचा, ही कारखान्याची शिस्त. शिपायाच्या विश्वासाची जागा मोजमापानें घेतली. हाच कारखाना आतां म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजीं विसर्जित होऊन ज्या सात कंपन्या झाल्या, त्यांपैकीं ती एक होय.

परंतु कारखान्यानें एका हातानें जें काढून घेतलें तें दुसऱ्या हातानें परतहि दिलें होतें. कागदी काडतूस बाराबरोबर नाहींसें होई. पितळेची पुंगळी बार उडाल्यावरहि शिल्लक राहते. ती थोडी फुगते, तिची टोपी पिचते, एवढेंच. ती पुन्हां दाबून मापांत आणली आणि नवी टोपी बसविली तर ती पुन्हां भरतां येते. काडतुसाच्या चार भागांत सर्वांत महाग भाग पुंगळी, आणि तोच उरलेला! येथें इतिहासानें एक गंमत केली आहे. टोपीच्या दोन तऱ्हा रूढ झाल्या. बॉक्सरच्या तऱ्हेंत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असतें, म्हणून पिचलेली टोपी आंतून एका काडीनें ढकलून काढतां येते. हायरम बर्डन नांवाच्या अमेरिकन कर्नलाच्या तऱ्हेंत दोन बारीक छिद्रें बाजूंना असतात, आणि टोपी काढणें जिकिरीचें होतें. इंग्रजाची तऱ्हा अमेरिकेंत रुजली आणि अमेरिकनाची युरोपांत. त्यामुळें घरीं काडतूस भरण्याचा छंद अमेरिकेंत घरोघर पसरला, आणि युरोपांत तो मंद राहिला. अमेरिकेंत जॉन बार्लो यानें १८८४ सालीं 'आयडियल' नांवाची कंपनी काढून सांडशीसारखीं हातांत मावणारीं भरण्याचीं आउतें विकावयास आरंभ केला. गांवापासून दूर राहणाऱ्या शिकाऱ्याला पितळेच्या पन्नास पुंगळ्या, थोडें शिसें आणि दारूचा डबा एवढ्यावर वर्ष काढतां येऊं लागलें. हिंदुस्थानांतहि बारा बोअरच्या बंदुकीच्या पितळी पुंगळ्या घरीं भरून वापरणारे शिकारी होतेच.

पिस्तुलाची गोष्ट मात्र याहून निराळी आहे. पिस्तूल हें मुळांत जवळच्या माणसावर झाडण्यासाठीं निर्माण झालेलें हत्यार. त्याच्यासाठीं कारखाना जें काडतूस करी तें जोरदार असे. माणूस खालीं पडला पाहिजे हा त्याचा हेतु. निशाणाच्या कागदाला पाडावयाचें नसतें. १८९६ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें पिस्तुलाच्या स्पर्धा झाल्या, आणि पुढें या खेळाचे नियम जसजसे बारीक होत गेले तसतसें नेमबाजांच्या ध्यानांत आलें कीं, जोर हा येथें शत्रु आहे. पिस्तूल एका हातानें, हात लांब करून धरावयाचें. त्याला खांद्याचा आधार नाहीं. प्रत्येक बाराला तें वर उसळतें, आणि पुढच्या नेमाआधीं त्याला पुन्हां जागेवर आणावें लागतें. साठ बारांच्या सामन्यांत हा हिसका मनगटांत सांचत जातो, आणि शेवटच्या दहा बारांत बोट चापावर पडण्याआधींच डोळा मिटूं लागतो. तेव्हां मऊ बाराचें काडतूस पाहिजे. कारखाना तें करीत नसेल तर घरीं भरावें, हें ओघानेंच आलें.

घरीं भरणाऱ्याचें म्हणणें पोकळ नव्हतें. कारखाना हजारों पिस्तुलांना चालेल असें काडतूस करतो. मला माझ्या एकाच पिस्तुलाला मानवेल असें करावयाचें आहे, असा त्याचा युक्तिवाद. दारू नेमकी किती हवी, गोळी पुंगळींत किती खोल बसावी, हें त्यानें एकेक पालट करून, दर वेळीं निशाणावर दहा बार काढून ठरविलें. गोळीचा आकारहि त्यानें बदलला. टोंकदार गोळी कागद फाडून जाते आणि छिद्राचा कांठ अस्पष्ट राहतो. सपाट तोंडाची गोळी कागदांतून स्वच्छ वाटोळी टिकली कापून काढते. गुणांच्या रेषेला छिद्राचा नुसता स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो, म्हणून स्वच्छ कांठ म्हणजे पदरांत पडलेला गुण. अमेरिकेंत .३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरसाठीं अशा सपाट गोळ्यांचीं मऊ काडतुसें घरोघर भरलीं गेलीं, आणि त्यांवर कित्येक सामने जिंकले गेले. शेवटीं कारखान्यांनाहि तीं करावीं लागलीं. आज मध्यावर टोपी असलेल्या पिस्तुलाच्या सामन्यांत जें .३२ चें सपाट गोळीचें काडतूस सर्वत्र दिसतें, त्याच्या मुळाशीं घरच्या हातांनीं केलेले हे प्रयोग आहेत.

आतां दुसरी बाजू. बिनधुराची दारू जुन्या काळ्या दारूपेक्षां फार तेज. पिस्तुलाच्या मऊ बाराला ती इतकी थोडी लागते कीं पुंगळीचा बराचसा भाग रिकामाच राहतो. बोलतां बोलतां भरणाऱ्याचें लक्ष उडालें आणि एकाच पुंगळींत दोनदां दारू पडली, तरी ती ओसंडून वाहत नाहीं. वर गोळी बसली कीं बाहेरून कांहीं कळत नाहीं. असें काडतूस पिस्तूल फोडूं शकतें. उलट एखादी पुंगळी दारूवांचून राहिली तर नुसत्या टोपीच्या जोरानें गोळी नळींत अर्ध्यावर जाऊन अडकते, आणि घाईंत सुटलेला पुढचा बार तिच्यावर आदळतो. जुन्या तोड्याच्या बंदुकीचा धोका येथें नव्या पोशाखांत परत आला आहे. फरक एवढाच कीं, पूर्वीं चुकलेलें माप सर्वांच्या डोळ्यांदेखत चुकत असे. आतां तें पितळेच्या आड दडून बसतें. शिवाय शिशाची वाफ आणि टोप्यांची धूळ यांचा त्रास भरणाऱ्यालाच होतो. म्हणून जाणते भरणारे दारू ओतल्यावर प्रत्येक पुंगळींत दिव्याच्या उजेडांत डोकावून पाहतात, एका वेळीं एकच दारू मेजावर ठेवतात, आणि कोणी गप्पा मारावयास आला तर काम थांबवितात. दुसऱ्यानें भरलेलीं काडतुसें, मग तो कितीहि जिवलग असो, ते आपल्या पिस्तुलांत घालीत नाहींत. बराकपूरच्या शिपायाला ही अट ऐकून समाधान वाटलें असतें.

या वादाचा एक मोठा भाग तंत्रानेंच परस्पर मिटवून टाकला. स्टीव्हन्स कंपनीनें १८८७ सालीं .२२ लाँग रायफल नांवाचें बारीक काडतूस काढलें. त्याला मध्यावर टोपी नसते. बुडाच्या पोकळ कांठांत स्फोटक द्रव्य भरलेलें असतें, आणि चापाचा घाव त्या कांठालाच चेपून बार उडवितो. एकदां चेपलेला कांठ पुन्हां सरळ करून भरतां येत नाहीं. पुंगळी टाकूनच द्यावी लागते. नेमबाजीला हें काडतूस मात्र अत्यंत मानवलें, कारण तें मऊ, स्वस्त आणि सारखें आहे. आज २५ मीटरवरील महिलांचा पिस्तुलाचा सामना आणि पुरुषांचा जलदगति सामना याच काडतुसावर खेळला जातो. घरीं भरण्याचा मार्ग येथें बंद झाला, तरी निवड संपली नाहीं. एकाच कारखान्याच्या, एकाच नांवाच्या दोन लॉटांत थोडें अंतर असतें. एक लॉट एका नळीला मानवतो, दुसरा मानवत नाहीं. म्हणून मोठे खेळाडू आपलें हत्यार पकडींत घट्ट बसवून निरनिराळ्या लॉटांचीं काडतुसें उडवून पाहतात, आणि जो लॉट सर्वांत दाट पुंजका पाडतो त्याचे खोके एकदम घेऊन ठेवतात. घरीं भरणारा जें काम तराजूनें करीत असे, तेंच हा निवडीनें करतो. मध्यावर टोपी असलेल्या पिस्तुलाच्या सामन्यांत दोन्ही वाटा तत्त्वतः मोकळ्या आहेत. तेथें जसपाल राणा यांनीं २००६ सालीं दोहा येथील आशियाई खेळांत ५९० गुण करून जागतिक विक्रमाशीं बरोबरी केली.

भारतांत या निवडीवर कायद्याचीहि छाया आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें इंग्रजी मुलखांतील प्रजा निःशस्त्र झाली. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ सालचा. त्यांतील दारूगोळ्याच्या व्याख्येंत काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनविण्याचीं यंत्रें हींहि येतात. म्हणून अमेरिकेंत ज्या सांडशा दुकानांतून सहज मिळतात, त्या येथें परवान्यावांचून कोणाला ठेवतां येत नाहींत. परभणीसारख्या जिल्ह्यांतील होतकरू मुलगा किंवा मुलगी नेमबाजीस आरंभ करते ती बहुधा १० मीटरवरील हवेच्या पिस्तुलानें. त्यांत दारू नाहीं, पुंगळी नाहीं; साडेचार मिलिमीटरची शिशाची एक लहानशी गोळी, इतकेंच. पुढें २५ मीटरवर जावयाचें तेव्हां परवान्याचा अर्ज, त्यावर चौकशी, आणि नंतर परदेशी काडतुसांची वाट पाहणें, हा क्रम सुरू होतो. हीं काडतुसें खेळाडूंसाठीं मागविण्याचें काम राष्ट्रीय रायफल संघटना करते. या संघटनेची स्थापना १९५१ सालची, आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापति गणेश वासुदेव मावळंकर. त्यांचें घराणें मूळचें रत्नागिरीकडील. गांधीजींच्या सहवासांत वाढलेल्या या सत्याग्रही गृहस्थाच्या नांवें आज देशांतील नेमबाजांची एक मोठी स्पर्धा भरते. कोणाला यांत विसंगति वाटेल. परंतु निःशस्त्र केलेल्या देशांत हत्यार खेळापुरतें आणि नियमांत कसें धरावें, हें शिकविण्याचें काम अशाच माणसाकडे जावें यांत औचित्य आहे.

२२ ऑगस्ट २०१८ रोजीं इंडोनेशियांतील पालेंबांग येथें आशियाई खेळांतील २५ मीटर पिस्तुलाचा महिलांचा अंतिम सामना झाला. कोल्हापूरच्या राही सरनोबत आणि थायलंडच्या नफस्वान यांगपैबून यांचे गुण ३४-३४ असे बरोबरींत राहिले. पांच बारांची जादा फेरी झाली, तींतहि दोघी बरोबर आल्या. दुसऱ्या जादा फेरींत राहींचें एक निशाण अधिक लागलें, आणि आशियाई खेळांत नेमबाजीचें सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला झाल्या. सामना संपला तेव्हां दोघींच्या उजव्या बाजूला खालीं .२२ च्या रिकाम्या पुंगळ्या पडल्या होत्या. कांठ चेपलेल्या, पुन्हां न भरतां येणाऱ्या.